सुतारकामालाही ‘सायझिंग’ हवे

फर्निचरच्या धंद्यातील कोणत्याही कारागिराशी दोन घटका बोला, एकच तक्रार ऐकू येते. मोठ्या कारखान्यांचा तयार माल बाजारात आला, ग्राहक तिकडे वळला आणि हातात हुन्नर असूनही आपला कारागीर रिकामा बसला. तक्रारीत तथ्य आहे. मोठ्या भांडवलाशी लहान शेडची बरोबरी होत नाही, हे कोण नाकारील? परंतु सगळा दोष भांडवलावर ढकलून मोकळे होणे धंद्याला परवडणारे नाही. आपल्याच शेडमध्ये एक खोट राहून जाते आणि ती दूर करायला फार मोठी रक्कम लागत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. ती खोट म्हणजे फळीची वाकडी कड.

माझे आयुष्य कापडाच्या व्यापारात गेले. लाकडातले या माणसाला काय कळते, असे कोणी म्हटले तर राग नाही. पण मी लाकडी मालाचा ग्राहक आहे, आणि ग्राहकाने काय पाहिले हे कारागिराने ऐकून घ्यायला हरकत नसावी. शिवाय आमच्या धंद्यात याच अडचणीवर एक तोड फार पूर्वी निघालेली आहे. ती सुतारकामाला लागू पडेल असे वाटते, म्हणून हा लेख.

ग्राहकाला फट दिसते

दोन वर्षांपूर्वी दुकानात ठाण ठेवण्यासाठी सागवानी मांडणी करून घेतली. लाकूड चांगले होते, पॉलिश नजरेत भरणारे होते. पावसाळा गेला, हवा कोरडी झाली आणि फळ्यांच्या सांध्यांत फटी उघडल्या. नुसती शोभा गेली असती तर एक वेळ चालले असते. पण फटीच्या धारेला तलम कापडाचे धागे अडकू लागले. ठाणाचा एक धागा ओढला गेला की त्या कापडाची गत कटपीसची होते. कारागिराला बोलावले. त्याने फेविकॉल आणि भुसा कालवून लांबी भरली, वरून पॉलिश मारले. पुढच्या उन्हाळ्यात तीच फट पुन्हा उघडली.

सामान्य ग्राहकाला सागाची प्रत ओळखता येत नाही. कोरीवकामाला किती दिवस लागले हेही त्याला समजत नाही. फट मात्र लहान पोरालाही दिसते. कारखान्यातील कपाट आतून भुशाच्या दाबलेल्या पाट्यांचे असते, पाणी लागले की फुगते. तरी त्याच्या सांध्यावरून बोट फिरवले तर रेघ सरळ लागते. आपला माल अस्सल लाकडाचा असून सांध्यात मार खातो. सहारनपूरच्या तोडीची नक्षी काढणारा हात असला, तरी नक्षीच्या मधून फट गेली की सगळी मेहनत मातीमोल.

फट का पडते? दोन फळ्या कडेला कड लावून चिकटवताना दोन्ही कडा पूर्ण लांबीभर एकमेकींना टेकल्या पाहिजेत. एका कडेत मध्यभागी अर्धा सूत खोलगट असेल आणि समोरच्या कडेतही तेवढाच, तर सांध्यात एक सुताची पोकळी राहते. कारागीर क्लॅम्प आवळून ती जबरदस्तीने मिटवतो. त्या दिवशी सांधा बंद दिसतो, पण लाकूड ताणाखाली राहते. हवा कोरडी झाली, लाकूड आकसले की तो ताण आपली वाट काढतो. गोंद पोकळी भरून काढत नाही. तो टेकलेल्या दोन पृष्ठभागांना धरून ठेवतो. म्हणून फटीचा इलाज गोंदात शोधणे व्यर्थ आहे.

रुंद फळीचे दिवस गेले

यावर कोणी म्हणेल, आमच्या वडिलांनी हातरंध्यावर आयुष्य काढले, त्यांचे सांधे का उघडत नव्हते? त्यांच्या हाताची सफाई होतीच. पण त्यांना मिळणारे लाकूडही वेगळे होते. जुन्या झाडाची फूट-सव्वा फूट रुंदीची फळी वखारीत मिळत असे. आज चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातील चांगला साग लिलावात लहान कारागिराच्या हाती लागणे कठीण. ब्रह्मदेशाने, म्हणजे म्यानमारने, १ एप्रिल २०१४ पासून गोल लाकडाची निर्यात बंद केली. त्यानंतर आफ्रिका आणि लॅटिन अमेरिकेतील लागवडीच्या सागावर बाजाराची भिस्त वाढली. हा माल कांडला बंदरातून गांधीधामला उतरतो आणि तिथून देशभर जातो. लागवडीचे झाड लवकर तोडले जाते, त्याचा घेर कमी असतो, गाभ्याभोवती पांढरे लाकूड जास्त निघते. साहजिकच फळी अरुंद मिळते.

याचा हिशेब करून पाहा. अडीच फूट रुंदीचे टेबल करायचे आहे. १० इंची फळ्या असतील तर तीन पुरतात. दोन सांधे, म्हणजे एकमेकींना भिडणाऱ्या चार कडा. ५ इंची फळ्या असतील तर सहा लागतात. पाच सांधे आणि दहा कडा. वडिलांना चार कडा सरळ कराव्या लागत होत्या, मुलाला दहा कराव्या लागतात. मजुरी मात्र ग्राहक टेबलाची देतो, कडांची देत नाही. मग वेळ वाचवण्यासाठी कडेचे काम उरकले जाते आणि तिथेच माल बिघडतो.

करवत नक्कल करते

आमच्या उर्दू शाळेत भूमितीच्या तासाला सरळ रेषेला ‘खत्ते मुस्तकीम’ म्हणत. वहीवर ती काढणे सोपे, कारण हातातली पट्टी आधीच सरळ असते. सुताराची खरी अडचण इथेच आहे. आरा गिरणीतून आलेल्या फळीला एकही सरळ कड नसते. पहिली पट्टी आणायची कोठून?

टेबलावरची गोल करवत, जिला बरेच जण चक्री म्हणतात, ती कड सरळ करते असा समज आहे. हा समज चुकीचा आहे. करवतीच्या बाजूला गाइड असते. फळीची एक कड त्या गाइडला टेकवून पुढे सरकवली की दुसऱ्या बाजूने तिला समांतर काप पडतो. म्हणजे करवत गाइडला टेकलेल्या कडेची नक्कल करते. ती कड सरळ असेल तर काप सरळ, ती वाकडी असेल तर काप वाकडा. वाकडी कड टेकवली तर आणखी एक संकट उभे राहते. फळी गाइडवर डुलते, पाते आणि गाइड यांच्यामध्ये आवळली जाते आणि पात्याच्या जोराने माणसाच्या अंगावर उलटी फेकली जाते. दहा इंची पाते २,८८० फेऱ्यांच्या मोटारीवर थेट बसवले तर त्याच्या दातांचा वेग ताशी १३५ किलोमीटरच्या वर जातो. त्या वेगाने आलेली फळी पोटात बसली तर काय होईल, हे सांगायला नको.

पहिली कड तयार करणारे मशीन वेगळे. त्याला सरफेस प्लेनर म्हणतात, कारागिरांच्या बोलीत रंधा मशीन. दोन लोखंडी टेबले आणि त्यांच्यामध्ये पात्यांचा फिरता रूळ, एवढीच त्याची रचना. फळी जिकडून आत जाते ते टेबल जितके खाली, तितका जाड थर निघतो. पलीकडचे टेबल मात्र पात्याच्या सर्वांत उंच टोकाशी समपातळीत असले पाहिजे. ते खाली राहिले तर फळीच्या शेवटाला खड्डा पडतो. वर राहिले तर फळीचे तोंड टेबलाच्या कडेला अडते. मशीन घेऊनही कडा सरळ येत नाहीत अशी तक्रार असेल तर आधी हे टेबल तपासावे.

कामाचा क्रम ठरलेला आहे. प्रथम फळीची रुंद बाजू सपाट करावी, मग ती बाजू गाइडला टेकवून कड मारावी. बाकाची पोकळ बाजू खाली ठेवावी, म्हणजे फळी दोन टोकांवर टेकते आणि डुलत नाही. एका वेळी अर्ध्या सुतापेक्षा जास्त थर काढू नये. लाकडाच्या रेषा पाहून फळी घालावी. मखमलीवर उलटा हात फिरवला तर लव जशी उभी राहते, तसे उलट्या रेषेत रंधा मारला तर लाकूड उचकटते. शेवटी गुण्या लावून कड काटकोनात आहे की नाही हे पाहावे. सरळ झालेली ही कड मग करवतीच्या गाइडला टेकवावी आणि दुसरी कड कापून घ्यावी. दोन मशीन एकमेकांच्या बदली नाहीत; एक दुसऱ्याच्या आधीचे आहे.

मशीन नसेल तर?

रंधा मशीन नसलेल्यांनी हात बांधून बसावे असे नाही. प्लायवूडची आठ फूट लांब, एक फूट रुंद, १८ मिलिमीटर जाडीची पट्टी घ्यावी. तिची कारखान्यातून आलेली कड बहुधा सरळ असते, तरी पारखून घ्यावी. पारख सोपी आहे. कडेला पेन्सिल लावून जमिनीवर किंवा दुसऱ्या पाटीवर रेघ ओढावी, पट्टी पालथी करून तीच कड त्या रेघेला लावावी आणि दुसरी रेघ ओढावी. दोन्ही रेघा एक झाल्या तर कड सरळ. मध्ये फट दिसली तर जेवढी फट, त्याच्या निम्मा दोष.

या पट्टीवर वाकडी फळी ठेवावी. फळीची कड पात्याच्या बाजूने पट्टीबाहेर थोडी येऊ द्यावी आणि फळी पट्टीला क्लॅम्पने किंवा स्क्रूने पक्की करावी. स्क्रू पात्याच्या वाटेत येणार नाही हे पाहावे. आता गाइडला पट्टीची सरळ कड टेकते, फळीची वाकडी कड टेकत नाही. करवत पट्टीची नक्कल करते आणि फळीला पहिली सरळ कड मिळते. प्लायवूडचा एक तुकडा हजारो रुपयांच्या लाकडाची सोय करतो. चिरण्यासाठी २४ दातांच्या आसपासचे पाते लावावे; आडव्या कापाचे ६० किंवा ८० दातांचे पाते लांब चिरताना तापते आणि लाकूड जाळते.

करवतही नसेल तर लांब हातरंधा आहेच. जुन्या उस्तादांची एक युक्ती नव्या मुलांनी शिकून घ्यावी. ज्या दोन फळ्या जोडायच्या, त्या पुस्तकाच्या पानांसारख्या मिटून शिकंज्यात धराव्यात आणि दोन्ही कडांवर एकदम रंधा मारावा. हात थोडा तिरका गेला तरी एका फळीचा कोन जितका कमी, तितकाच दुसरीचा जास्त होतो. पुस्तक उघडले की दोन्ही चुका एकमेकींना खाऊन टाकतात आणि पॅनेल सपाट येते.

बोटांची किंमत

आता ज्या गोष्टीवर आपण सारे डोळेझाक करतो तिच्याविषयी. अनेक लहान शेडमध्ये करवत म्हणून जे चालते ते वास्तविक करवतीचे मशीन नसते. फरशी कापण्याचा मार्बल कटर प्लायवूडच्या टेबलाखाली उलटा बसवतात, त्याला लाकडाचे चार-पाच इंची पाते लावतात, बटण कायमचे दाबून ठेवतात आणि त्यावर फळ्या चिरतात. वर झाकण नाही, गाइड म्हणून खिळ्याने ठोकलेली पट्टी. असा कटर मोकळा फिरताना मिनिटाला १२ हजारांच्या आसपास फेरे घेतो. चार इंची पात्याच्या दातांचा वेग त्या हिशेबाने ताशी सव्वादोनशे किलोमीटरच्या वर जातो. हातात धरून फरशी कापण्यासाठी बनवलेले हे यंत्र सहा-आठ फुटी वाकड्या फळीसाठी नाही. स्वस्त पडते म्हणून ते वापरले जाते आणि त्याची खरी किंमत बोटांनी चुकवावी लागते.

आपल्याकडे अशा जखमांची नोंद क्वचितच होते. माणूस दवाखान्यात जातो, टाके घालून येतो, गाव गाठतो. जिथे नोंद होते तिथले आकडे पाहावेत. अमेरिकेच्या ग्राहक-वस्तू सुरक्षा आयोगाच्या अंदाजाप्रमाणे २०१५ या एका वर्षात टेबलावरच्या करवतीने जखमी होऊन तातडीच्या उपचारासाठी गेलेल्यांची संख्या ३० हजारांच्या वर होती, आणि त्यांत हजारोंची बोटे तुटली. त्याच देशात स्टीफन गास या गृहस्थाने १९९९ मध्ये अशी करवत तयार केली की बोट लागताच पाते सेकंदाच्या अगदी लहानशा भागात थांबते. ती आपल्या लहान शेडच्या आवाक्यातील नाही. पण जे आवाक्यातले आहे ते तरी आपण करतो का?

पात्यावर झाकण बसवणे आवाक्यातले आहे. पात्याच्या मागे लोखंडी पट्टी बसवणे आवाक्यातले आहे. ती चिरलेल्या फळीच्या दोन बाजूंना पुन्हा आवळू देत नाही, त्यामुळे फळी उलटी फेकली जाण्याचा धोका पुष्कळ कमी होतो. शेवटचा वीतभर भाग हाताऐवजी लाकडी ढकलणीने सरकवणे फुकट आहे. फिरत्या पात्याजवळ हातमोजे घालू नयेत, कारण मोज्याचा धागा पात्यात गेला तर पूर्ण हात ओढला जातो. सैल बाहीचा कुर्ता, गळ्यातील रुमाल यांचेही तेच. पॉवरलूमच्या पट्ट्यात लुंगीचे टोक गेल्याने काय होते, हे आमच्या लोकांना ठाऊक आहे. फूटभरापेक्षा आखूड तुकडा रंधा मशीनवर घालू नये. आणि फळीचे दुसरे टोक धरायला शाळकरी वयाचे मूल उभे करू नये, मग ते घरचे असो की गावाहून आलेले.

यंत्राच्या फिरत्या भागाला संरक्षण असावे हा दंडक १९४८ च्या कारखाना कायद्यात होता. परंतु तो कायदा वीज वापरणाऱ्या जागेत किमान दहा कामगार असतील तिथून सुरू होत होता. चार माणसांच्या शेडपर्यंत कायदा पोचला नाही. अशा शेडमध्ये मालकाची नियत हाच कायदा, कारण बोट गेले तर उद्याची रोजी जाते आणि हुन्नर हाताबरोबरच जातो.

आधी तोडा, मग सरळ करा

सरळ करण्यात लाकूड वाया जाते, म्हणून कारागीर टाळतो. वाया किती जाते हे पुष्कळसे क्रमावर अवलंबून आहे. आठ फूट लांब, सहा इंच रुंद, एक इंच जाड फळी म्हणजे घनफुटाचा एक तृतीयांश. घनफुटाला तीन हजार रुपये भाव धरला तर फळी हजार रुपयांची झाली. समजा तिला मध्यभागी एक इंच बाक आहे. अखंड फळी सरळ केली तर सहा इंचांतून एक इंच जातो आणि पाचच इंच हाती राहतात. सुमारे १६७ रुपये भुशात गेले.

तीच फळी आधी चार-चार फुटांचे दोन तुकडे करून मग सरळ केली तर? लांबी निम्मी झाली की बाक निम्मा न होता चौथाई होतो. प्रत्येक तुकड्याला पाव इंच, म्हणजे दोन सूत बाक उरतो. पावणेसहा इंच रुंदी हाती राहते आणि नुकसान सुमारे ४२ रुपयांवर येते. एका फळीमागे सव्वाशे रुपये वाचले. वीस फळ्यांच्या कामात अडीच हजार. भाव बदलला तरी प्रमाण हेच राहील. कपाटाच्या दाराला चार फुटांचाच तुकडा लागणार असेल तर आठ फुटी फळी सरळ करत बसणे हा निव्वळ तोटा आहे.

आणखी एक दक्षता. ओली फळी आज सरळ केली तर महिन्याभरात पुन्हा वाकते. माल आणल्यावर फळ्यांमध्ये पट्ट्या घालून, हवा खेळेल अशी थप्पी लावून ठेवावा. चिरताना लाकडातला ताण मोकळा होतो आणि फळी कापता कापता वाकते. म्हणून थोडी रुंद चिरावी, काही दिवस तशीच ठेवावी आणि शेवटची कड नंतर मारावी.

सायझिंगचा धडा

येथपर्यंत वाचून कारागीर म्हणेल, “साहेब, सगळे पटले, पण रंधा मशीन घ्यायला पैसा कुठे आहे, आणि जागा कुठे आहे?” प्रश्न रास्त आहे. माझे उत्तर असे की प्रत्येकाने मशीन घेण्याची गरजच नाही.

मालेगाव, भिवंडी, इचलकरंजीतील लहान पॉवरलूमवाल्याकडे पाहा. आठ-दहा लूमचा मालक स्वतःचे सायझिंग बसवत नाही. ताण्याच्या सुताला खळ लावून ते घर्षण सोसेल असे करणे, हे काम स्वतंत्र सायझिंगमध्ये होते. तिथून तयार बीम येते, ते लूमवर चढते. ताणा खराब असेल तर विणकर कितीही हुशार असो, सूत तुटत राहते आणि कापडात दोष येतो. म्हणून ताण्याची तयारी जाणकाराच्या हाती, चांगल्या मशीनवर, मजुरीने करून घेण्याची रीत पडली. लहान लूमवाला त्या रीतीवरच टिकून राहिला.

सुतारकामात सरळ कड म्हणजे ताणा. ज्या गल्लीत पाच-दहा फर्निचरच्या शेड आहेत, तिथे चार-पाच जणांनी मिळून एक चांगले रंधा मशीन आणि झाकण असलेली एक पक्की करवत बसवावी. एक अनुभवी माणूस त्यावर कायम ठेवावा. बाकीच्यांनी फळ्या तिथून सरळ करून न्याव्यात आणि आपल्या शेडमध्ये जोडणी, नक्षी, पॉलिश करावे. मशीन दिवसभर चालते म्हणून परवडते. पाती वेळेवर धार लावली जातात, कारण कामच ते आहे. आणि गल्लीतील उलटे बसवलेले पाच कटर बंद होतात. मजुरीने रंधा मारून देणारे काही ठिकाणी आहेतही. पण त्यांच्याकडे माल नेण्यात कमीपणा मानला जातो. लूमवाल्याला सायझिंगकडे जाण्यात कधी कमीपणा वाटला नाही.

भागीदारीत भांडणे होतात, हा आक्षेप येणार. होतात, कारण बोलणे तोंडी राहते. म्हणून चार गोष्टी आधीच कागदावर घ्याव्यात. दर धावत्या फुटावर की घनफुटावर. पाती आणि मोटारीचा खर्च कोणी किती सोसायचा. झिलप्या, भुसा आणि कटाईचे तुकडे कोणाचे. फळी खराब झाली तर भरपाई कशी. माल आत जाताना मोजावा, बाहेर जाताना मोजावा, दोन्ही मापे चिठ्ठीवर लिहावीत. माप स्वच्छ असले की मने स्वच्छ राहतात. गोल लाकूड चिरणाऱ्या आरा गिरणीला वन खात्याचा परवाना लागतो. आपण चिरलेल्या मालावर काम करणार असलो तरी मशीन बसवण्यापूर्वी वन खात्यात व नगरपालिकेत विचारणा करून घ्यावी.

नेण्या-आणण्याच्या हमालीचा आक्षेपही येईल. गल्लीतल्या गल्लीत हातगाडीने काम भागते. वखारीच्या शेजारीच मशीन बसले तर उत्तम; फळी वखारीतून निघतानाच सरळ होऊन येईल आणि घरी वाकडा माल येणारच नाही.

सरकारी योजनेची माहितीही असावी. केंद्र सरकारने १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू केलेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत अठरा व्यवसाय आहेत आणि सुतारकाम त्यांत आहे. प्रशिक्षणाच्या काळात दररोज ५०० रुपये विद्यावेतन, हत्यारांसाठी १५ हजार रुपयांचे साहाय्य, आणि पाच टक्के व्याजाने आधी एक लाख व नंतर दोन लाखांपर्यंत कर्ज, अशी तिची रूपरेषा आहे. ज्यांना व्याजाच्या कर्जात पडायचे नाही त्यांनी प्रशिक्षण व हत्यारांचे साहाय्य तरी सोडू नये. पंधरा हजारांत रंधा मशीन येत नाही. परंतु चांगला लांब रंधा, अस्सल गुण्या आणि अर्धा डझन क्लॅम्प नक्की येतात, आणि पहिली सरळ कड त्यावरही निघते.

व्यापारी बंधूंनाही एक विनंती आहे. दुकानाचे फर्निचर करून घेताना आपण लाकडाचा भाव दहा ठिकाणी विचारतो आणि मजुरीवर घासाघीस करतो. यापुढे कारागिराला एवढेच विचारावे, “फळ्या कुठे सरळ करणार?” उत्तर पक्के असेल तर मजुरीत दोन पैसे जास्त द्यावेत. ते पैसे फटीत जाणार नाहीत.

एका गल्लीने हा प्रयोग सहा महिने करून पाहावा. सुरुवातीला लाकडाचा खर्च, परत आलेला माल आणि झालेल्या जखमा लिहून ठेवाव्यात, सहा महिन्यांनी पुन्हा लिहाव्यात, आणि दोन्ही कागद शेजारी ठेवावेत. पावसाळ्याआधी मशीन बसले तर हिवाळ्यात सांधे पाहून निकाल कळेल. ज्यांच्या गल्लीत अशी सोय आधीच आहे त्यांनी आपला दर, आपल्या अडचणी आणि आपला अनुभव या पानाकडे जरूर लिहून पाठवावा, म्हणजे इतरांना पहिले पाऊल टाकणे सोपे जाईल.